कोरडी सुई आणि दुखरा खांदा



केळीच्या पानावर करपा दिसला की आपण त्याच दिवशी ते पान तोडून जाणत्या माणसाला दाखवितो. बैल लंगडू लागला तर औत सोडून आधी त्याचा खूर पाहतो. परंतु स्वतःचा खांदा धरला, मान वळेनाशी झाली किंवा कंबरेत उसण भरली, म्हणजे ‘शेतकऱ्याला हे चालायचेच’ असे म्हणून आपण महिनोन् महिने ते अंगावर काढतो. अगदीच असह्य झाले की गावातल्या कुणाकडे तरी जाऊन ‘एक सुई मारून द्या’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर पंप चढवितो. बुऱ्हाणपूरच्या या केळी-कपाशीच्या मुलखात हे इतके नित्याचे झाले आहे, की यात काही चुकते आहे असे कुणाला वाटतही नाही.

अलीकडे इंदूर, जळगाव अशा शहरांतून उपचार घेऊन आलेली मंडळी आणखी एका सुईची गोष्ट सांगू लागली आहेत. तिला ड्राय नीडलिंग म्हणतात. आपण तिला कोरडी सुई म्हणू. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात तिच्याबद्दल दोन प्रकारची मते कानी येतात. कुणी म्हणतो, दोन टोचण्यांत वर्षांचे दुखणे गेले, चमत्कारच आहे. कुणी म्हणतो, हे चिनी तंत्रमंत्र आहे, ख्रिस्ती माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये. माझ्या मते ही दोन्ही मते टोकाची आहेत. ही सुई उपयोगी आहे, पण तिच्या उपयोगाला मर्यादा आहे. आणि सुईपेक्षाही दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत: ती कोणाच्या हाती आहे, आणि ती काढल्यानंतर आपण काय करतो. या लेखात मला एवढेच सांगावयाचे आहे.

ही सुई म्हणजे काय?

आपल्याकडे सुई म्हटली की इंजेक्शनच डोळ्यांपुढे येते. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिच्यातून औषध शरीरात जाते. कोरडी सुई भरीव असते. तिच्यातून काहीच आत जात नाही, म्हणूनच ती कोरडी. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहून कमी असते. फिजिओथेरपिस्ट प्रथम बोटांनी स्नायू चाचपून त्यात ताठ झालेला पट्टा आणि त्या पट्ट्यातील सर्वांत दुखरी जागा शोधतो. मग त्वचा पुसून सुई त्या जागी घालतो. जागा बरोबर सापडली तर स्नायू क्षणभर आपोआप फडफडतो; जनावराच्या अंगावर माशी बसली म्हणजे कातडी थरथरते ना, काहीसे तसेच. सुई काही सेकंद, फार तर काही मिनिटे ठेवून काढून घेतात. त्यानंतर एक-दोन दिवस ती जागा ठणकते, मग मोकळी वाटू लागते.

दुखते कोठे आणि मूळ कोठे

आपले लोक म्हणतात ‘नस चढली’, ‘नस दबली’. पुष्कळदा तिचा दोष नसतो. दुखत असतो तो स्नायू, म्हणजे हाडांना हलविणारे मांस. स्नायूचे काम ताणले जाणे आणि पुन्हा ढिले पडणे. नांगराचा दोर ओढताना ताणतो आणि बैल थांबल्यावर सैल होतो, तसे. परंतु एकच काम एकाच बाजूने तासन् तास केले, किंवा खांद्यावर झेपणार नाही एवढे ओझे एकदम घेतले, तर त्यातील काही भाग ढिला पडतच नाही आणि बोटाला वाटाण्यासारखी गाठ लागते. अशी गाठ नेमकी कशाने बनते याबद्दल शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहे. पण दाबली असता माणूस ‘हेच ते’ म्हणून ओरडतो, हे मात्र कुणीही पडताळून पाहावे.

आपल्या कामांकडे पाहा. सोळा लिटरचा फवारणीचा पंप भरला की पाठीवर वीस किलोच्या जवळपास वजन येते, आणि एक हात दिवसभर दांडा मारीत राहतो. केळीचा चांगला घड वीस-पंचवीस किलोचा असतो, आणि कापणीच्या दिवशी टोळीतला माणूस तो एकाच खांद्यावर पुन्हा पुन्हा वाहतो. निंदणी करणारी बाई सकाळपासून उन्हे उतरेपर्यंत वाकलेली किंवा उकिडवी असते. कापूस वेचणारीच्या कमरेला भरत जाणारी ओटी बांधलेली असते आणि मान खाली असते. यात स्नायू आखडले नाहीत तरच नवल.

येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रोग हल्याला आणि औषध पखालीला, असे म्हणून आपण चुकीच्या उपचाराला हसतो. स्नायूंच्या बाबतीत मात्र दुखते एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, असे खरोखरच घडते. मान आणि खांदा यांमधील स्नायू आखडला तर कानशील दुखते, आणि माणूस डोकेदुखीच्या गोळ्या खात बसतो. पाठीच्या पात्यावरील स्नायूतील गाठ दंडात कळ सोडते. नितंबातील गाठ पायाच्या बाजूने खाली उतरणारी कळ देते आणि माणसाला वाटते मणकाच सरकला. म्हणून ‘जेथे दुखते तेथे टोचा’ असा आग्रह धरणे शहाणपणाचे नाही. तपासणारा माणूस शिकलेला हवा तो याचसाठी.

ही विद्या आली कोठून?

या गाठींचा नकाशा तयार करण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या बाईंना जाते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना पाठीचा जुना विकार होता. १९६१ मध्ये ते अध्यक्ष झाल्यावर याच बाई व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. १९८३ मध्ये डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो. त्या दुखऱ्या जागी बधिर करणारे औषध टोचीत असत. इकडे चेकोस्लोव्हाकियातील डॉ. कारेल लेविट यांच्या ध्यानात आले, की औषध कोणतेही टोचा, गुण सारखाच येतो. तेव्हा गुण औषधाचा नसून टोचण्याचा असावा. त्यांनी नुसत्या सुईने २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांवर उपचार केले आणि १९७९ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कोरड्या सुईचा प्रसार तेथून झाला.

चिनी ॲक्युपंक्चर हे या सुईचे चुलत भावंड म्हणावे लागेल. सुई तीच, विचार वेगळा. ॲक्युपंक्चरवाले शरीरातून वाहणाऱ्या शक्तीच्या वाटा मानतात आणि त्या वाटांवरील ठराविक बिंदूंवर टोचतात. कोरडी सुई टोचणारा हाताला लागणाऱ्या स्नायूच्या गाठीवर टोचतो. ॲक्युपंक्चर आपल्या देशात रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांचा संबंध एका मराठी नावाशी आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने गांजलेल्या चीनच्या मदतीला आपल्या देशाने पाच डॉक्टर पाठविले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. बसू परत आले, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सुईचे उपचार शिकले आणि कोलकात्यात ते देऊ लागले. कोटणीसांच्या गावाला ठाऊक नसलेल्या परक्यांसाठी त्यांनी प्राण वेचला. शेजारधर्माचे याहून चांगले उदाहरण शोधण्यास आपल्याला दूर जावे लागणार नाही.

ख्रिस्ती माणसाने ही सुई घ्यावी काय?

माझे उत्तर स्पष्ट आहे. ज्या उपचारात कुणा अदृश्य शक्तीची आराधना करावी लागत नाही, मंत्र म्हणावा लागत नाही, देवावरील विश्वास सोडावा लागत नाही, असा स्नायूवरील उपचार घेण्यात कोणतेही पाप नाही. विळा चीनमध्ये घडला म्हणून त्याने कापलेले गवत अपवित्र होत नाही. मात्र एखादा उपचारक सुईबरोबर ग्रहांची शांती, ताईत किंवा कुणाची दृष्ट काढणे असे काही विकू लागला, तर तेथून उठून यावे.

जुन्या करारात बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय प्रत्येक ख्रिस्ती घरात वाचला जावा असे मला वाटते. वैद्याचा मान ठेवावा, औषधे परमेश्वरानेच भूमीतून निर्माण केली आहेत, शहाणा माणूस ती झिडकारीत नाही, आणि आजारपणात प्रार्थनाही करावी व वैद्यालाही बोलवावे, असा त्याचा आशय आहे. प्रार्थना आणि उपचार यांत निवड करावयाची नसते. शुभवर्तमानकार संत लूक यांना संत पौलाने आपल्या पत्रात वैद्य म्हटले आहे, हेही विसरू नये.

गुण किती येतो?

आता चमत्कार म्हणणाऱ्यांकडे वळू. डॉ. लेविट यांच्या रुग्णांपैकी सुमारे ८७ टक्के ठिकाणी सुई नेमक्या जागी लागताच दुखणे तत्काळ थांबले. हा आकडा ऐकून कुणीही हुरळून जाईल. परंतु त्यांनीच पुढे पाठपुरावा केलेल्या २८८ जागांपैकी कायमचा आराम पडला तो ९२ जागांना. ५८ जागांना काही महिने, ६३ जागांना काही आठवडे आणि ३२ जागांना केवळ काही दिवस. म्हणजे कायमचा गुण तिघांत एकाला. शिवाय त्यांच्या अभ्यासात सुई न घेतलेल्या रुग्णांशी तुलना नव्हती.

तुलना का हवी, हे आपल्या गावातील एका रिवाजावरून समजेल. उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय कंबरेला लावून घेतात, आणि चार-आठ दिवसांत उसण जाते. श्रेय पायाळूला मिळते. वास्तविक अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. पायाळू न बोलावला तरी ती गेलीच असती. काही ठिकाणी तापलेल्या लोखंडाने डाग देतात. तेथेही हाच प्रकार, वर भाजल्याची जखम आणि कधी लहान लेकराच्या जिवाला धोका. तेव्हा ‘मला गुण आला’ एवढ्यावर कोणताही उपचार खरा ठरत नाही. कोरडी सुईही नाही.

नंतरच्या काळात अशा तुलना झाल्या. त्या सर्वांचा सारांश असा, की मान, खांदा, पाठ यांच्या स्नायूंच्या दुखण्यात कोरड्या सुईने काही आठवडे दुखणे कमी होते. परंतु कामकाजाची शक्ती परत येण्याच्या बाबतीत ती फिजिओथेरपीच्या इतर उपचारांहून सरस ठरल्याचे दिसत नाही, आणि फार दिवसांनंतरच्या फायद्याचा पुरावा तुटपुंजा आहे. याचा अर्थ ती निरुपयोगी आहे असा नव्हे. गंजलेल्या कडीला तेल दिले की दार उघडते. पण दार रोज उघडले नाही तर कडी पुन्हा गंजते. सुईने दुखणे उतरलेले काही दिवस मिळतात. त्या दिवसांत खांदा हलविला, पाठ ताणली, स्नायू बळकट केले, तर फायदा टिकतो. ‘दुखत नाही’ म्हणून दुसऱ्याच दिवशी पूर्ण पंप चढविला, तर पैसे वाया गेले असे समजावे.

धोका कितपत?

आयर्लंडमध्ये ३९ फिजिओथेरपिस्टांनी दिलेल्या ७,६२९ उपचारांची नोंद ठेवण्यात आली व ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरांत सुमारे एकोणीस वेळा किरकोळ त्रास झाला: त्वचा काळीनिळी पडणे, थेंबभर रक्त येणे, टोचताना किंवा नंतर दुखणे. गंभीर इजा एकदाही झाली नाही. पण ही सर्व शिकलेली, त्या कामाचे खास प्रशिक्षण घेतलेली माणसे होती, हे विसरू नये. खांद्याच्या वरच्या भागात, पाठीच्या पात्याभोवती आणि बरगड्यांवर स्नायूच्या मागे लगेच फुप्फुस असते. तेथे सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साचते. असे प्रकार क्वचित घडतात, पण घडले आहेत. सुई घेतल्यानंतर काही तासांत दम लागू लागला किंवा छातीत कळ आली, तर घरी पडून न राहता तडक मोठे रुग्णालय गाठावे आणि सुई घेतल्याचे तेथे सांगावे.

आपल्या ओट्यावरची सुई

कोरड्या सुईची भीती बाळगणारे कित्येक जण दुसरी एक सुई बिनदिक्कत घेतात, याचे मला अधिक दुःख वाटते. पदवी नसलेला माणूस, उकळलेली की न उकळलेली ठाऊक नाही अशी सिरिंज, आणि आत काय आहे हे विचारायचेच नाही. बहुधा आत वेदना मारणारे डायक्लोफेनॅक असते, आणि कधी त्यात स्टिरॉइड मिसळलेले असते. तासाभरात माणूस टुणटुणीत होतो, म्हणून डॉक्टरचा हात चांगला असे आपण म्हणतो. वरचेवर घेतलेल्या स्टिरॉइडने रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. डायक्लोफेनॅक दीर्घकाळ घेतल्यास जठराला व्रण पडू शकतो आणि मूत्रपिंडाला अपाय होतो. उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याला तर अधिकच. कुल्ल्यात चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने मोठ्या शिरेला, म्हणजे मज्जातंतूला, इजा होऊन पाय लुळा पडल्याची उदाहरणेही आहेत.

आकाशातील गिधाडे कोठे गेली, असे जुनी माणसे विचारतात. गुरांना दिलेले हेच डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती हजारोंनी मेली. म्हणून २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसाचे शरीर गिधाडाएवढे नाजूक नाही, हे खरे. पण जे औषध विचार करून, मोजून द्यावयाचे ते आपण आठवड्याच्या बाजारासारखे नेमाने घेत आहोत.

आणि सुईच्या स्वच्छतेविषयी काय सांगावे? २००९ मध्ये गुजरातेत मोडासा येथे पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे हिपॅटायटिस बी ही कावीळ पसरली आणि कितीतरी माणसे दगावली. २०१७-१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ भागात चाळिसांहून अधिक लोकांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे आढळले. अल्प पैशांत इंजेक्शने देत गावोगाव फिरणाऱ्या एका इसमाने तीच सुई पुन्हा पुन्हा वापरल्याचा ठपका आला. तीही आपल्यासारखीच, दवाखाना लांब आणि पैसा कमी असलेली माणसे होती. या लोकांना मी नावे ठेवीत नाही. आजचा रोज बुडाला तर उद्या चूल पेटणार नाही, ही ज्याची स्थिती आहे, तो तासाभरात उभा करणाऱ्याकडेच जाणार. पण हा धोका त्याच्या कानावर घालणे हे आपले कर्तव्य आहे.

सुई घेण्यापूर्वी काय पाहावे?

पहिली गोष्ट, दुखणे स्नायूचेच आहे ना? पाय किंवा हात लुळा वाटणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, त्यासोबत बारीक ताप किंवा वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे: यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. मणक्याचा क्षय आपल्या देशात दुर्मीळ नाही. डावा खांदा किंवा हात दुखून घाम फुटत असेल तर ते हृदयाचेही असू शकते. तेथे सुई नव्हे, रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी, सुई देणारा कोण? फिजिओथेरपीची पदवी आहे काय आणि ही सुई तो कोठे शिकला, हे विचारण्यात अपमान नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ मध्ये आपल्या देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली. आता ही पदवी देणारी महाविद्यालये जळगाव, इंदूर अशा जवळच्या शहरांतही आहेत, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाच्या नोंदणीची तरतूद केलेली आहे. चांगला फिजिओथेरपिस्ट आधी तपासतो, समजावतो, तुमची संमती घेतो, आणि ‘तुम्हाला सुईची गरज नाही’ असेही सांगतो.

तिसरी, सुई नवी आहे काय? बंद पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडले पाहिजे आणि वापरलेली सुई जाड डब्यात टाकली पाहिजे.

चौथी, आपल्याविषयी काही लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मधुमेह असेल, बाई गरोदर असेल, त्वचेवर गळू किंवा जखम असेल, तर ते आधी सांगावे. सुई पाहून भोवळ येत असेल तर तेही सांगावे. मालीश, शेक आणि व्यायाम यांनीही पुष्कळांना आराम पडतो.

पाचवी, ‘नंतर मी काय करू?’ हे विचारावे. या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

सुईनंतरचे काम

धरलेल्या खांद्यासाठी भिंतीपुढे उभे राहून बोटांनी भिंत चढत हात वर न्यावा, दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा वेळा. मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवावी. निंदणी करणाऱ्या बायांनी अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे कलावे. यातले जे तुम्हाला योग्य ते फिजिओथेरपिस्ट सांगेल. पण रोज करावे लागेल ते तुम्हालाच.

कामाची पद्धतही थोडी बदलावी लागेल. पंप पूर्ण न भरता दोन फेऱ्या अधिक कराव्या, दोन्ही पट्टे सारखे ओढावे, हात आलटून पालटून वापरावा. घड उचलताना एकाने कापावा व दुसऱ्याने खांदा द्यावा, आणि फेरीगणिक खांदा बदलावा. जेथे ओळी सरळ आहेत तेथे सायकल कोळपे चालवावे; वाकून खुरपण्याचे निम्मे श्रम वाचतात.

बैलाचा खांदा आणि बाईची पाठ

शेवटी एक गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या भागातले शेतकरी बैलाचा खांदा हळद-तुपाने मळतात, शेकतात. ज्या खांद्याने वर्षभर जू वाहिले, त्याची ती कृतज्ञता असते. फार सुंदर रीत आहे. पण त्याच शेतात निंदणाऱ्या बाईची पाठ वर्षभर वाकते, तिचे काय? तिने दुपारी जरा पाठ टेकली तर मुकादम आवाज देतो, आणि घरी आल्यावर भाकरी तिलाच थापायची असते. तिचे दुखणे हे दुखणे म्हणून कुणी मोजतच नाही. औषधाला पैसे निघतात ते आधी पुरुषाला, मग मुलांना; तिच्या वाट्याला बाम.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या, सरळ होऊ न शकणाऱ्या बाईची कथा आहे. तिने काही मागितले नव्हते. प्रभूने तिला पाहिले, जवळ बोलाविले, हात ठेवले आणि ती सरळ उभी राहिली. शब्बाथाच्या दिवशी हे केले म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावला. तेव्हा प्रभूने त्याला बैलाचीच आठवण दिली: शब्बाथ असला तरी गोठ्यातला बैल सोडून तुम्ही पाण्यावर नेता, मग या बाईला बंधनातून सोडवू नये काय? हा प्रश्न मला आपल्या धर्मग्रामालाच विचारलेला वाटतो. अठरा वर्षे ती त्याच गावात होती. कुणी तिच्याकडे पाहिले नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी. दरवर्षी ११ फेब्रुवारीला लूर्दच्या मातेच्या सणादिवशी ख्रिस्तसभा आजाऱ्यांचा जागतिक दिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये तो ठरवून दिला. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, तैलाभ्यंग देतो. त्याला जोडून आपल्या धर्मग्रामात एखाद्या पदवीधर फिजिओथेरपिस्टला बोलवावे, त्यांनी मान-खांदा-पाठ तपासावी, व्यायाम शिकवावे, आणि ज्याला पुढे पाठवायचे त्याला चिठ्ठी द्यावी. सभागृहात सुया टोचण्याचे शिबिर मात्र नको. घाईगर्दीत आणि सतरंजीवर ते काम होऊ नये. महिला मंडळाने सर्वांत आधी निंदणी-वेचणी करणाऱ्या बायांना आणावे, मग त्या आपल्या शेतावरच्या असोत वा दुसऱ्याच्या, ख्रिस्ती असोत वा नसोत. आणि ज्यांच्या शेतात मजूर येतात, त्या आपल्या बांधवांनी दुपारची विश्रांती आणि सावलीतले पाणी हे उपकार न समजता मजुरीचाच भाग समजावे.

कोरडी सुई ज्याला लाभेल त्याने जरूर घ्यावी, योग्य हातून घ्यावी आणि नंतर अंग हलवावे. पण सुई न घेताही आज संध्याकाळी आपण एक करू शकतो: घरातल्या बाईला ‘तुझी पाठ दुखते का?’ असे विचारू शकतो. उत्तर ‘नाही’ असे आले तर पुन्हा एकदा विचारावे.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिडोर आपल्या सर्वांसाठी विनंती करोत.

आपला,
धर्मग्रामाचा सेवक